गुलाबाचं काम काय?

एकच परीकथा सांगणारे दोन चित्रपट दाखवून ‘तुलना करा’ म्हटलं, की विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतात. एका बाजूला साम्यं, दुसऱ्या बाजूला फरक. एक कृष्णधवल, दुसरा रंगीत. एकात नट, दुसऱ्यात ॲनिमेशन. पान भरतं, तुलना मात्र सुरूच होत नाही.

म्हणून आम्ही शिकवणारी मंडळी यादी बाजूला ठेवायला लावतो आणि एकच वस्तू निवडायला सांगतो. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’साठी ती वस्तू म्हणजे गुलाब.

मादाम द बोमाँच्या १७५६ च्या कथेत व्यापारी बाप प्रवासाला निघतो. थोरल्या मुली कपडेलत्ते मागतात, धाकटी फक्त गुलाब. परतताना बाप श्वापदाच्या बागेतलं फूल तोडतो आणि जिवावर बेततं. फ्रेंच दिग्दर्शक झाँ कॉक्तोनं १९४६ च्या चित्रपटात हा धागा तसाच राखला. डिस्नेच्या १९९१ च्या चित्रपटात मात्र गुलाब कोणी मागत नाही, तोडतही नाही. तो काचेखाली आहे. शेवटची पाकळी गळायच्या आत श्वापदाला प्रेम करता यायला हवं आणि मिळवताही. फुलाचं घड्याळ झालं!

आता विचारायचं: मग अपराध कोणाचा? जुन्या कथेत फूल तोडणाऱ्या बापाचा, आणि फेड मुलीच्या माथी. श्वापद झालेला शापित राजपुत्र तिथे निर्दोषच असतो. कॉक्तोच्या चित्रपटातही शाप ओढवतो तो त्याच्या आईवडिलांमुळे. डिस्नेचा राजपुत्र मात्र गुलाब देऊन आसरा मागणाऱ्या म्हातारीला हाकलतो, म्हणून शापला जातो. अपराध बापाकडून त्याच्याकडे सरकला. त्यामुळे त्याचं सुधारणं हाच कथेचा कणा बनला.

दुसरा धागा प्रतिस्पर्ध्याचा. मूळ कथेत तो नाहीच. कॉक्तोनं अव्हनाँ हा देखणा तरुण घातला आणि अव्हनाँ, श्वापद, राजपुत्र अशा तिन्ही भूमिका झाँ मारे या एकाच नटाला दिल्या. शाप सुटल्यावर नायिकेसमोर तिनं नाकारलेलाच चेहरा उभा राहतो, आणि ती क्षणभर घुटमळते. डिस्नेचा गॅस्टनही देखणा, पण त्याचा चेहरा राजपुत्राला मिळत नाही. गॅस्टन वाड्यावरून कोसळतो आणि संपतो. वर्गात सर्वांत कडाक्याचा वाद इथेच होतो.

‘कॉक्तो मूळ कथेशी प्रामाणिक, डिस्नेनं ती बिघडवली’ असा निकाल एव्हाना कोणीतरी देऊन टाकतं. तेव्हा बिल काँडनचा २०१७ चा चित्रपट काढायचा. तोही डिस्नेचाच, पण त्यात मुलगी पुन्हा गुलाब मागते, बाप तो तोडतो आणि पकडला जातो. शिवाय काचेखालचा गुलाबही आहेच.

मागितलेल्या गुलाबावाचून चालतं, हे १९९१ च्या चित्रपटानं दाखवलं. काचेखालच्या गुलाबावाचूनही चालतं, हे कॉक्तोनं. मग दोन्ही ठेवून काँडननं काय साधलं? गृहपाठ एवढाच, पण उत्तरासाठी चित्रपट पुन्हा पाहावे लागतात.