फरशीचा भाव

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या बायांना कामाचा भाव करता येत नाही असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आषाढात रोवणी लागली की आमची टोळी बांधीच्या धुऱ्यावर उभी राहायची, आणि एकराचा हुंडा, म्हणजे ठोक भाव, ठरल्याशिवाय एकीचाही पाय चिखलात पडत नसे. शेतमालक कुरकुर करायचा, टोळीतली एखादी म्हातारी त्याला त्याच्या बापाच्या वेळचा भाव ऐकवायची, आणि मग कुठंतरी जमायचं. त्याच बाया नागपुरात धुणीभांडी करायला लागल्या की मालकीणबाई म्हणेल तो आकडा मुकाट्यानं घेतात. धुऱ्यावर सगळ्या मिळून असतात. फ्लॅटच्या दारातून आत मात्र एकटीच जाते.

आमच्याकडे मुख्य पीक धानाचं. रोवणी आणि कापणी सोडली तर बाईमाणसाच्या हाताला फारसं काम नाही. म्हणून अड्याळहून भंडारा आणि तिथून नागपूर. भंडारा रोडवर पारडीकडे खोली घेतली, कारण गावची बस तिकडूनच शहरात शिरते. कामं मिळाली ती मात्र पार दुसऱ्या टोकाला, धरमपेठ-रामदासपेठेत.

पहिल्या दिवशी नाव कोणी विचारत नाही, आडनाव विचारतात. ते का, हे मालकीणबाईला आणि मला, दोघींनाही माहीत असतं. काही घरांत माझा कप खिडकीच्या गजात वेगळा ठेवलेला असायचा. एका घरी मात्र आजी स्वतः माझ्यासोबत बसून चहा प्यायच्या. सगळी घरं सारखी असतात असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती, ती म्हणजे ‘जरा’. झाडू-पोछा आणि भांडी ठरलेली असत. मग ‘जरा डाळ निवडून दे’, ‘जरा बाल्कनी धुऊन टाक’, ‘पाहुणे येतायत, जरा पंखे पूस’. पंखे पुसायला स्टुलावर चढावं लागतं, आणि उतरल्यावर खाली पडलेली धूळ काढायला फरशी पुन्हा पुसावी लागते. हे सगळं त्या ‘जरा’मध्येच.

नंतर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात लागले, ठेकेदाराकडून. तिथं हाउसकीपिंगची सुपरवायझर माझ्या मुलीच्या वयाची होती, पण काम शिकवावं तर तिनंच. खोलीत शिरलं की आधी पडदे उघडायचे, कचरा आणि वापरलेल्या चादरी बाहेर काढायच्या, मग वरून खाली पुसत यायचं. दारापासून सुरू करून भिंतीच्या कडेनं गोल फिरून पुन्हा दाराशी. म्हणजे काही सुटत नाही. बाटल्यांना नंबर: आर टू फरशी-भिंतीला, आर थ्री काचेला, आर फोर लाकडाला, आर सिक्स संडासाला. संडासाचं फडकं वेगळ्या रंगाचं, ते बेसिनला लागताच कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅसिड आणि ब्लीच कधी एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. कितीतरी घरांत मला दोन्ही बाटल्या हातात देऊन बाथरूमचं दार ‘वास बाहेर येतो’ म्हणून लावून घ्यायला सांगत. खोकला का थांबत नाही ते मला हॉटेलात समजलं.

पण खरं शिकले ते वेळेचं माप. पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला साधारण अर्धा तास, राहत असलेल्याच्या खोलीला त्याहून कमी. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. खोल्या वाढल्या की सुपरवायझर कागदावर लिहायची, कारण तिलाही वर हिशेब द्यायचा असे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हॉटेल गच्च. तेव्हाचे टॉवेल पाहावेत! निम्म्या लोकांनी बूट पुसलेले. डाग निघाला नाही किंवा टॉवेल हरवला की पैसे आमच्या पगारातून. गादीचा कोपरा उचलून चादर खोचता खोचता कंबर जाते ते वेगळंच. छातीवर नावाची पट्टी होती, पण ती वाचून मला हाक मारलेली आठवत नाही. घरात निदान भांडायला तरी समोर माणूस असतं.

संध्याकाळची पाळी उशिरा सुटायची, ऑटोला पैसे जायचे, म्हणून ते सोडलं आणि पुन्हा घरकामाला लागले. या वेळी माप सोबत घेऊन गेले. खोल्या किती, बाथरूम किती, बाल्कनी आहे का, माणसं किती, हे आधी विचारायचं. पंखे आणि जाळ्या वेगळ्या. अ‍ॅसिडला हात लावणार नाही. एक मॅडम दुखावल्या. म्हणाल्या, “तू तर आम्हाला घरच्यासारखी.”

“घरच्यासारखी आहो जी,” मी म्हटलं, “पण घरभाडं तर मलाच द्यावं लागते.”

नागपुरात हे बोलायला शिकवणारे लोक आधीपासून होते. संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली; मोलकरणींचे मोर्चे या शहरानं तेव्हापासून पाहिलेत. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणीला काम देणाऱ्याचं पत्र लागतं, आणि ते मागितलं की चांगल्या चांगल्या घरांचे चेहरे बदलतात. सही केली तर काही अंगाशी येईल असं वाटतं त्यांना. 2021 च्या कोरोना निर्बंधांत नोंदणी असलेल्यांना सरकारनं दीड हजार रुपये दिले. माझ्या शेजारणीकडं नोंदणीचं कार्ड नव्हतं, तिला तेही मिळाले नाहीत. मला या कायद्याबद्दल एकच म्हणायचंय: मंडळ दिलं, भाव दिला नाही. 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घरकामगार बाई आली, हे त्यातल्या त्यात बरं. पण तक्रार करायला जायचं कुठं, हे विचारलं तर दहातल्या एकीलाही सांगता येत नाही.

आता मी काम करते त्या अपार्टमेंटमधल्या आम्ही कामवाल्या बायांनी एक केलंय. नवं कुटुंब राहायला आलं की कोणी एकटी वर जात नाही. आधी चौकीदाराच्या बाकड्यापाशी सगळ्या जमतो, घराचं माप जाणून घेतो, आकडा ठरवतो. मग ज्या कोणाला वेळ असेल ती जाते. गेल्या महिन्यात तिसऱ्या माळ्यावरच्या बाई म्हणाल्या, “शेजारच्या इमारतीतली कमी घेते.” आम्ही त्या इमारतीतल्या दोघींना दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बोलावलं. एक आली. दुसरी अजून विचार करतेय.