बॅग भरताना

गेल्या डिसेंबरात एका स्पर्धेसाठी मिलानला जायचं ठरलं आणि होस्टेलवर सल्ल्यांचा पाऊस पडला. "इटलीत लोक आधी बूट बघतात बे!" आमच्या सोलापुरात स्वेटर म्हणजे दोन आठवड्यांचा पाहुणा, तिथे पारा शून्याजवळ. शेवटी थर्मल, रूममेटचा काळा कोट आणि साधे काळे बूट घेतले. दगडी रस्त्यांवर चालायला तेच बरे. तिथल्या ड्युओमो कॅथेड्रलमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, म्हणे. (त्या थंडीत उघडे ठेवणार कोण?)

निघण्याआधी घरी गेलो. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. त्यांनी एक नवा टॉवेल पुढे केला. "बाबा, हॉटेलात असतो हो," मी जरा तोडूनच बोललो. खरं तर तो फुलाफुलांचा टॉवेल मित्रांसमोर काढायची लाज वाटत होती. तो घरीच राहिला.

हॉटेलात पांढराशुभ्र टॉवेल होताच. नकळत उलटून काठ पाहिला, लूप बोटांनी चाचपले, बाबा बघतात तसे. कुठल्या गावचा, ते लेबलवर नव्हतं.

रात्री फोन केला. थंडी, जेवण, स्पर्धा राहिलं बाजूला. बाबांनी आधी विचारलं, "टॉवेल कसाय रे तिथला? लूप निघतात का?"