पान किती हिरवं?

मेसच्या वरणात मीठ जरा जास्त पडलं तर लगेच कळतं. पण त्याच दिवशी मावशींनी तिखटही सढळ हातानं टाकलं असेल, तर मिठाकडे कुणाचं लक्षच जात नाही. सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणजे साधारण हेच. एकेक घटक बदलून पाहणं सोपं. सगळे एकदम हलवून कुणाचा वाटा किती ते काढणं (रशियन गणिती सोबोल यांची पद्धत) हे खरं डोकेदुखीचं काम.

माझ्या प्रोजेक्टचं मॉडेल आहे प्रोसेल. त्यातला शेताचा भाग 1984 चा, पानाचा 1990 चा. हरितद्रव्य (हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना डिक्शनरीतच भेटतो!), पानातलं पाणी, पानांचा पसारा, त्यांचा कोन, जमिनीचा रंग एवढं दिलं की उपग्रहाला शेत कसं दिसेल ते मॉडेल सांगतं.

आमची केळी रावेरला. बाग दाट झाली, पानावर पान आलं, की लाल प्रकाशातला आकडा जवळपास थांबतोच. आणखी पानं आली काय, थोडी गेली काय, त्याला फारसा फरक पडत नाही. शिवाय केळीचं पान भर दुपारी मिटतं. मॉडेल मात्र कोन एकच धरून बसतं.

धुळ्याकडचा कापूस याच्या अगदी उलट. जुलैत रोपं वीतभर, उपग्रहाला दिसते ती मुख्यतः काळी जमीन. पाऊस पडला की ती आणखी काळी होते, आणि एकही पान न वाढता एनडीव्हीआय वर जातो! म्हणून तर ह्यूएट यांनी 1988 साली मातीचा परिणाम कमी करणारा वेगळा निर्देशांक मांडला.

हे मी रूममेटच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बेटा, पावसानंतर फोटो काढला तर आमचं पीक उगाच चांगलं दिसणार?" मी हो म्हटलं. 2023 पासून पीकविम्यात उत्पन्नाच्या अंदाजासाठी उपग्रहाचा आधार घेणं सुरू झालंय, आधी भात आणि गहू. काका काळजीत पडले.

सध्या ओली आणि कोरडी माती वेगवेगळी घालून मॉडेल चालवतेय. कुठल्या दिवशी पाऊस झाला याची काकांकडे वही आहे. ती दिवाळीनंतर मिळणार आहे.