कोठीच्या खोलीतली भुरी

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे मेहकरहून लोणारकडे जाताना लागणारे गाव सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या रानात वसलेले असल्यामुळे, तेथील शेतकऱ्यांच्या घरात मांजर हौसेच्याही आधी पोत्यांच्या राखणीसाठी आलेले असते. धान्य साठले की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते, हा संबंध शेतीइतकाच जुना आहे. पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशियातील फेलिस लायबिका या रानटी जातीत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले, आणि आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारे रानमांजर ही त्याहून वेगळी जात होय. मूळ जात एकट्याने शिकार करणारी असल्याने, तिच्या वंशजांना उंदरांची सुबत्ता असेल तेथे एकत्र नांदता येते खरे, परंतु परक्या सोबत्याला सामावून घेण्याची तयारी त्यांच्या अंगी उपजत नसते. भुरी या मांजरीचे आयुष्य त्या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

भुरी ज्या शेतकरी कुटुंबात आली, तेथे मनी ही वयस्क मांजरी आणि तिची लेक ठिपकी या दोघी आधीपासून नांदत होत्या, आणि लाल्या नावाचा बोका गल्लीतील इतर घरांप्रमाणे याही घराला आपले समजून येत-जात असे. मायलेकींच्या सख्यात नवल नव्हते. ब्रिटनमधील शेतघरांवरच्या मांजरांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्डोनाल्ड यांनी दाखवल्याप्रमाणे मांजरांच्या वस्तीचा कणा नात्यातल्या माद्यांचा असतो, त्या एकमेकींची पिल्ले सांभाळतात आणि परक्या मांजराला हुसकून लावतात. घराची वाटणी मात्र या दोघींतही झालेली होती. कोवळे ऊन असेपर्यंत ओसरी मनीची आणि दुपारनंतर ठिपकीची, चुलीजवळची ऊब मनीची, तर गोठ्यातला कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुसकटाचा ढीग ठिपकीचा, असे ते ठरून गेलेले होते. मांजरे जागेबरोबर वेळही वाटून घेतात आणि एकाच वाटेने वेगवेगळ्या वेळी जाऊन समोरासमोर येणे टाळतात, हे जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी नोंदवले आहे. नवे मांजर आले की ही बसलेली घडी विस्कटते आणि ती नव्याने बसवावी लागते, यातच या विषयाची खरी अडचण आहे.

भुरी मेहकरच्या नातेवाइकांकडून, पावसाळा सरत असताना, अर्धवट वाढलेल्या वयात पोत्यातून आली. मांजराला पोत्यात घालून नेण्याची रीत, वाट दिसली नाही म्हणजे ते परत फिरत नाही, या समजुतीवर आधारलेली आहे. तिचा खरा उपयोग असा की अंधारात प्राणी शांत राहतो आणि जुन्या घराचा वास असलेले ते पोते नव्या घरात त्याचे पहिले अंथरूण होते. मुले तिला लगेच मनीपुढे ठेवू पाहत होती, परंतु आजीने तिला कोठीच्या खोलीत नेऊन दार लावून घेतले आणि ‘तिले तिच्या मनानं येऊ द्या रे, वढू नका’ एवढेच बजावले. पशुवैद्यकही नव्या मांजराला आरंभी वेगळेच ठेवण्यास सांगतात, कारण पॅनल्यूकोपेनियासारखा, रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटवणारा आणि पिल्लांना बहुधा मारक ठरणारा विषाणुजन्य आजार तिच्यासोबत घरात येण्याचा धोका असतो.

वेगळे ठेवण्याचा दुसरा लाभ वासाशी निगडित आहे. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर आणि शेपटीच्या बुडाशी गंधग्रंथी असतात. चौकटीला, खांबाला, माणसाच्या पायाला अंग घासताना ते त्यांतील स्राव तेथे लावत असते, आणि ज्या घरात अनेक मांजरे सुखाने राहतात तेथे या सर्वांचा मिळून एक सामाईक वास झालेला असतो. आजीने भुरीच्या अंगाखालचे पोते ओसरीवर टाकले, तेव्हा मनीने ते हुंगून मान वर केली आणि वरचा ओठ मागे ओढून, तोंड अर्धवट उघडे ठेवून ती थिजल्यासारखी उभी राहिली. टाळूत, पुढच्या दातांमागे असलेल्या याकोब्सन अवयवाकडे गंध पोचवण्याची ही क्रिया असून तिला फ्लेमेन म्हणतात. ठिपकी त्या पोत्यावर फिस्कारून निघून गेली. पुढे मनी त्याच पोत्यावर पाय पोटाशी घेऊन बसू लागली, तेव्हा ते उचलून पुन्हा भुरीला देण्यात आले, आणि दूध-भाकरीच्या वाट्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या जाऊ लागल्या.

दार उघडले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि या योगायोगाचे महत्त्व मोठे आहे. सोयाबीनची पोती यायची म्हणून कोठी रिकामी झाली, भिंतींना पोतारा दिला गेला, ओसरी शेणाने सारवली गेली, आणि वर्षभर घासून लावलेल्या साऱ्या खुणा पुसल्या गेल्या. एरवी याच दिवसांत मायलेकींचीही कुरबुर होत असे. त्या वर्षी मात्र घर तिघींनाही सारखेच अनोळखी झाल्यामुळे भुरीचे परकेपण काहीसे बोथट झाले, असे मानावयास जागा आहे. माणसांना फिस्कारण्याची धास्ती वाटते, पण फिस्कारण्याने दोघींमधले अंतर राखले जाते. अधिक घातक असते ते न बोलता टक लावून वाट अडवणे, आणि ठिपकीने मोरीच्या उंबऱ्यावर बसून नेमके तेच केले. घरच्यांनी पाण्याचे भांडे आणि राख-मातीचे घमेले कोठीत वेगळे दिले, तेव्हा हा वेढा आपोआप उठला. अशा गोष्टी मांजरांच्या संख्येहून एकाने अधिक असाव्यात, या नियमामागे हेच कारण आहे.

भुरीने रात्र आपलीशी केली. दोघी झोपल्या की ती पोत्यांच्या थप्पीवर चढे आणि पहाटे मेलेला उंदीर दारात आणून ठेवी. पुढल्या उन्हाळ्यात ती आणि ठिपकी कुटारात थोड्याच अंतराने व्याल्या, आणि रक्ताचे नाते नसताना त्या एकमेकींच्या पिल्लांना पाजू लागल्या. पिल्ले गावात देऊन झाल्यावर दोघींवर नसबंदीची शस्त्रक्रिया करण्यात आली. मनीशी मात्र तिची जवळीक कधीच झाली नाही. मनी मरेपर्यंत दोघी हातभर अंतर राखून राहिल्या, एकमेकींना चाटले नाही की बोचकारले नाही, आणि मांजरांच्या बाबतीत याला अपयश म्हणणे चूक आहे.

म्हातारपणी भुरीची मूत्रपिंडे क्षीण झाली, ती सारखे पाणी पिऊ लागली आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. परत आली तेव्हा औषधांच्या वासामुळे ठिपकी तिच्यावर शेपटी फेंदारून फिस्कारली. इतकी वर्षे सोबत राहिलेली मांजरे वास बदलला की अशी अनोळखी होतात. घरच्यांनी ठिपकीच्या अंथरुणाची चिंधी भुरीच्या अंगावरून फिरवून तिला रात्रभर कोठीत वेगळे ठेवले. सकाळी ठिपकीने तिला मानेपासून शेपटीपर्यंत हुंगले आणि ती कुटाराकडे निघून गेली. भुरी त्यानंतर तुरीच्या सोंगणीपर्यंत जगली.