ओल्झेच्या दोन तीरांवर

युरोपास जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर पॅरिसचा मनोरा, रोमची कारंजी आणि स्वित्झर्लंडचे बर्फ यांची वर्णने करतो, असा प्रघात आहे. आम्हांस मात्र यांपैकी काहीही सांगता येणार नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता ज्या मुलखात जाऊन आलो, तेथे आमचे मन गुंतले ते नकाशावर बोट ठेवून शोधावे लागेल अशा एका लहानशा गावात. चेस्की त्येशीन हे त्याचे नाव. चेक प्रजासत्ताकाच्या अगदी पूर्वेच्या कडेला, पोलंडच्या हद्दीला खेटून ते वसले आहे. वस्ती सुमारे चोवीस हजारांची.

आमचे जावई ऑस्त्रावा शहरी नोकरीस आहेत. मुलीने बोलावून घेतले तेव्हा तिचा बेत प्रागचा होता. "बाबा, प्राग न पाहता परत गेलात तर लोक हसतील," असे ती म्हणाली. प्राग पाहिलेच, पण ऑस्त्राव्याहून आगगाडीने तासाभराच्या आत एक दुभंगलेले गाव आहे, मधून नदी वाहते आणि नदीच सरहद्द आहे, असे जावयांच्या बोलण्यात आले, आणि आम्ही हट्टच धरला. सौ. म्हणाली, "सरहद्द पाहायला एवढ्या लांब कशाला यायचं? ती आपल्या दारातच आहे की!" वाचकहो, तिचे म्हणणे खोटे नव्हते. बेळगाव भागातील आमच्यासारख्या माणसाचा जन्मच सीमेवर जातो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. पण त्या वर्षाचे नाव आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्याप्रमाणे रोज घेतले जाई. म्हणूनच दुसऱ्यांची सीमा कशी असते, ते पाहण्याची ओढ.

स्थानकावर उतरलो आणि पहिलीच पाटी पाहून थबकलो. गावाचे नाव दोनदा लिहिलेले: वर चेक भाषेत, खाली पोलिश भाषेत. जेथे अल्पसंख्य भाषिकांची वस्ती किमान दहा टक्के आहे, अशा गावांत त्यांच्या भाषेतही पाट्या लावण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे, असे जावयांनी सांगितले. सौ.ने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिच्याकडे पाहिले. बोललो कोणीच नाही.

या गावाचा इतिहास थोडक्यात सांगितल्याखेरीज पुढचे बोलणे उमजणार नाही. दंतकथा अशी की, इसवी सन ८१० मध्ये लेश्को, बोल्को आणि चेश्को हे तिघे भाऊ दीर्घ भटकंतीनंतर एका झऱ्यापाशी अवचित भेटले आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ त्यांनी गाव वसविले. पोलिश भाषेत आनंद पावण्याच्या क्रियापदाशी गावाच्या नावाचा ध्वनी जुळतो, म्हणून ही व्युत्पत्ती लोकांस प्रिय आहे. तो झरा 'तीन भावांची विहीर' म्हणून आजही दाखवितात. दंतकथा सोडून इतिहासाकडे वळावे, तर तेराव्या शतकाच्या अखेरीस येथे प्यास्त घराण्याचे एक छोटे संस्थान उभे राहिले. १३२७ मध्ये त्याने बोहेमियाच्या राजाचे मांडलिकत्व पत्करले आणि १६५३ मध्ये घराण्याची शेवटची राजकन्या एलिझाबेथ लुक्रेशिया निवर्तल्यावर ते हाब्सबुर्गांकडे गेले. १३ मे १७७९ रोजी याच गावी ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा आणि प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक यांच्यात तह होऊन बव्हेरियाच्या वारसाहक्काचे युद्ध मिटले. त्या युद्धात लढाई थोडी आणि अन्नासाठी वणवण फार, म्हणून लोक त्याला 'बटाट्यांचे युद्ध' म्हणत. योगायोग पाहा, त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्याकडे वडगावास मराठ्यांनी इंग्रजांना तहावर सही करावयास लावली होती.

तोवर गाव एकच होते. ओल्झेच्या उजव्या तीरावर किल्ला, बाजारचौक, देवळे आणि जुने वाडे. डाव्या तीरावर उपनगर. १८६९ मध्ये रेल्वे आली ती या उपनगरात, आणि १९११ पासून स्थानकावरून पूल ओलांडून जुन्या गावात जाणारी छोटीशी ट्रामही धावू लागली. गावात जर्मन, पोलिश, चेक आणि यहुदी अशी नाना भाषांची व धर्मांची माणसे नांदत होती. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि या मुलखावर दोन नव्या राष्ट्रांनी हक्क सांगितला. पोलंडचे म्हणणे, येथील निम्म्याहून अधिक लोक पोलिश बोलतात. चेकोस्लोव्हाकियाचे म्हणणे, हा बोहेमियाच्या मुकुटाचा ऐतिहासिक प्रदेश. शिवाय कार्व्हिन्याच्या कोळशाच्या खाणी आणि स्लोव्हाकियाकडे जाणारा लोहमार्ग यांवाचून आमचे चालणार नाही. एकाच्या बाजूने भाषा, दुसऱ्याच्या बाजूने इतिहास आणि अर्थकारण. हे दोन्ही युक्तिवाद वाचताना आम्हांस परक्या देशाचे काही वाचीत आहोत असे वाटेना.

विशेष हे की, स्थानिक चेक व पोलिश पुढाऱ्यांनी ५ नोव्हेंबर १९१८ रोजी आपसात समजुतीने तात्पुरती वाटणी करून घेतली होती. ती राजधान्यांना मानवली नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी चेक फौजा चालून आल्या आणि आठवडाभर युद्ध झाले. मग लोकमत घेण्याचे ठरले. तेही झाले नाही. अखेर २८ जुलै १९२० रोजी विजयी राष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेने निवाडा दिला: नदी हीच हद्द. जुने गाव पोलंडला, रेल्वे स्थानकासह उपनगर चेकोस्लोव्हाकियाला. एका तीराला चौक उरला पण स्थानक नाही. दुसऱ्या तीराला स्थानक मिळाले पण चौक नाही. पुलावरून जाणारी ट्राम १९२१ मध्ये बंद पडली.

तरीही कथा संपली नाही. १९३८ च्या ऑक्टोबरात, म्युनिकच्या करारानंतर, पोलंडने डावा तीरही घेतला आणि अनेक चेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. पुढच्याच वर्षी जर्मनीने दोन्ही तीर गिळले. गावातील यहुद्यांचे मंदिर जळाले, आणि त्या समाजाचे पुढे काय झाले हे सांगावयास नको. १९४५ मध्ये पुन्हा १९२० ची हद्द आली, आणि १९५८ च्या तहाने ती कायम झाली. याचा अर्थ असा की, १९१० साली डाव्या तीरावर जन्मलेली एखादी बाई उंबरठा न ओलांडता पस्तिशीपर्यंत ऑस्ट्रियाची, चेकोस्लोव्हाकियाची, पोलंडची, जर्मनीची आणि पुनश्च चेकोस्लोव्हाकियाची झाली. घर तेच, चूल तीच. टपालाचे तिकीट तेवढे बदलत गेले.

डाव्या तीराने आपला नवा संसार मोठ्या जिद्दीने मांडला. चौक नव्हता, तो आखला. नगरभवन नव्हते, ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभारले. त्याचा मनोरा आजही गावावर लक्ष ठेवून उभा आहे. त्यासमोर थोडे बसून आम्ही हमरस्त्याने नदीकडे निघालो. पुलाचे नाव 'मैत्रीचा पूल'. शंभर पावले चाललो असू, आणि सौ.ने विचारले, "सरहद्द कुठे आहे?" जावई हसून म्हणाले, "आई, आत्ताच ओलांडलीत." २१ डिसेंबर २००७ पासून येथील नाके उठले आहेत. ना शिपाई, ना शिक्का. फक्त दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे पालटली आणि क्रोनांच्या जागी झ्लोटी आले.

पलीकडच्या किल्ल्याच्या टेकडीवर संत निकोलसचे वर्तुळाकार प्रार्थनामंदिर आहे. जाड दगडी भिंती, बुटके छप्पर, आत गारवा; नऊशे वर्षांच्या आसपासची ही वास्तू पोलंडच्या वीस झ्लोटींच्या नोटेवर छापलेली आहे. जावयांनी नोट काढून शेजारी धरली तेव्हा सौ.स फार मौज वाटली. शेजारीच चौदाव्या शतकातील प्यास्त बुरूज. गुडघे कुरकुरत असताही आम्ही तो चढलो. वरून दोन्ही गावे एकाच दृष्टिक्षेपात येतात. खरे सांगावयाचे तर दोन गावे दिसतच नाहीत. तीच लाल कौले, तीच झाडी, मध्ये एक उथळ, शांत नदी. कोठे एक राष्ट्र संपते आणि कोठे दुसरे सुरू होते, हे त्या उंचीवरून आम्हांस ओळखता आले नाही.

बुरूज उतरून चढणीच्या रस्त्याने बाजारचौकात गेलो. १७०९ मध्ये परवानगी मिळून बांधलेले येशूचे भव्य प्रॉटेस्टंट चर्चही पाहिले. कॅथलिक सम्राटाने स्वीडनच्या राजाच्या दबावापोटी सायलेशियात अशी सहाच चर्चे बांधू दिली. त्यांतील हे एक. उपासनेचा हक्कही तेव्हा तहाच्या कलमांतून मिळवावा लागत असे.

परतताना डाव्या तीरावर नदीकाठच्या बाकावर बसलो. तेथे एक वृद्ध बाई बसल्या होत्या. जावयांच्या मोडक्यातोडक्या चेक भाषेवरून बोलणे निघाले. त्या निवृत्त शिक्षिका, त्याही पोलिश माध्यमाच्या शाळेतल्या, आणि शाळा चेक देशात. आम्हीही सीमेवरच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक आहोत हे कळताच त्यांनी आमचा हात हातात घेतला. या तीरावर पोलिश शाळा आजही चालतात, माध्यमिकसुद्धा. गावच्या नाट्यगृहात १९५१ पासून चेक संचाबरोबर पोलिश संचही नाटके करतो. मुले कमी होत आहेत का, असे आम्ही विचारले. "होतात," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे?" आम्हीही तेच उत्तर दिले. तेवढ्यापुरती भाषांतराची गरज पडली नाही.

मग त्यांनी २०२० ची हकीकत सांगितली. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे हद्द बंद झाली आणि मैत्रीच्या पुलावर कुंपण आले. फाळणीला नेमकी शंभर वर्षे होत असताना गाव पुन्हा दुभंगले. तेव्हा पोलिश काठावर कोणीतरी मोठे फलक-कापड टांगले. त्यावर लिहिले होते की, चेक मित्रा, तुझी आठवण येते. काही दिवसांतच समोरच्या काठावरून तसेच कापड उत्तर देऊ लागले: मलाही तुझी, पोलिश मित्रा. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, त्यांची ही नातवंडे.

वाचकहो, त्या बाकावर आम्हांस आमच्या शाळेचे आवार आठवले. आमच्या आवारात दोन शाळा आहेत, एक मराठी, एक कन्नड. मध्ये कमरेइतकी भिंत. पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि आम्ही कित्येक वर्षे त्या भिंतीवर पेले ठेवून चहा प्यालो. पुढे एका वर्षी पाटीवरून वाद उद्भवला. चूक कोणाची, हे आता उगाळण्यात अर्थ नाही; पण आमचे बोलणे तुटले, ते तुटलेच. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभास आम्ही शिपायाच्या हाती हार पाठविला. स्वतः गेलो नाही. मध्ये फक्त कमरेइतकी भिंत होती.

मायबोलीचा अभिमान आम्ही सोडलेला नाही, आणि आमच्या मुलांना मराठीतून शिकता यावे व मराठीत पाटी वाचता यावी, ही आमची मागणीही तसूभर उणी झालेली नाही. त्या वृद्ध शिक्षिकेनेही आपली सोडली नव्हती. परंतु भाषेचा हक्क मागणे निराळे आणि शेजाऱ्याशी अबोला धरणे निराळे, हे दोन विषय आम्ही इतकी वर्षे एकाच वहीत लिहीत आलो होतो.

परत आल्यावर एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. हातात त्येशीनच्या पलीकडच्या काठी १९५५ पासून तयार होणाऱ्या प्रिन्स पोलो वेफरचा एक पुडा होता. कन्नड आम्ही कचेरीपुरती शिकलो होतो. अर्ज लिहिण्यापलीकडे ती कधी वापरली नव्हती. दारात उभे राहून म्हणालो, "हेंग अदीरी, सर?"

ते क्षणभर पाहत राहिले. मग दार पुरते उघडून स्वच्छ मराठीत म्हणाले, "या की सर, बसा. चहा टाकायला सांगतो."

चहा झाला. पाटीचा विषय ना त्यांनी काढला, ना आम्ही. वेफर त्यांच्या नातवाने संपविले. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "हार मिळाला होता, सर. पण मी तुमची वाट पाहत होतो."