बॉल कुणाचा, कॅमेरा कुणाचा?

‘व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ करमणूक, त्यात कसलं राजकारण शोधता?’ असं आमचे तरुण मित्र मला विचारतात. मी त्यांना व्हॉलीबॉलचे गेम नीट बघायला सांगतो. नाव कुणाचं लागतं, कष्ट कुणाचे दिसतात आणि नुसता देह कुणाचा दिसतो, हे तिथं उघड आहे.

व्हॉलीबॉल माझा आवडता खेळ. एक जाळी, एक बॉल, वस्तीतलं रिकामं मैदान एवढ्यावर भागतं. सर्व्हिस परत मिळाली की जागा फिरतात. पुढची जागा कुणाच्या बापजाद्यांची नसते.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला. महिलांचं सुवर्णपदक जपाननं सोव्हिएत संघाला हरवून जिंकलं. त्या संघातल्या बहुतेक जणी निचिबो कंपनीच्या काइझुका इथल्या कापडगिरणीत नोकरीला होत्या. दिवसा काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. अंग झोकून बॉल उचलायचा, लोळण घेऊन लगेच उभं राहायचं, हे त्यांनी घोटून घेतलं होतं.

पुढं याच जपाननं व्हॉलीबॉलचे अनेक गेम बनवले. निन्टेन्डोच्या १९८६ च्या ‘व्हॉलीबॉल’मध्ये पुरुषांचा किंवा महिलांचा संघ निवडता यायचा. पडद्यावर माणसं म्हणजे चार ठिपके, त्यामुळं लक्ष बॉलवरच. १९८८ साली अमेरिकेत ‘किंग्ज ऑफ द बीच’ आला. त्यात सिंजिन स्मिथ आणि रँडी स्टोक्लॉस हे खरे खेळाडू त्यांच्या नावानिशी होते.

आणि बायकांच्या वाट्याला काय आलं? २००३ साली टेकमो कंपनीनं एक्सबॉक्सवर ‘डेड ऑर अलाइव्ह एक्स्ट्रीम बीच व्हॉलीबॉल’ आणला. मारामारीच्या गेममधल्या लढवय्या बायका उचलल्या, स्पर्धेच्या थापेवर एका बेटावर नेल्या. तिथं सामने जिंकून पैसे मिळवायचे आणि त्यातून पोहण्याचे कपडे घ्यायचे. हा गेम मी एका मित्राकडं खेळलो आहे. त्यात बॉल निमित्ताला आहे, कॅमेरा बाईच्या अंगावर आहे.

‘बीच व्हॉलीबॉलमध्ये खऱ्या खेळाडूही बिकिनीच घालतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. घालतात. पण २०१२ साली आंतरराष्ट्रीय महासंघानं नियम सैल करून शॉर्ट्स आणि बाह्यांच्या टॉपला परवानगी दिली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तची दोआ अल्घोबाशी हिजाब घालून खेळली. मुद्दा कपड्याचा नाहीच. सेगाच्या २००१ च्या ‘बीच स्पायकर्स’ या आर्केड गेममध्येही बिकिनी आहे. पण त्याच्या गेमक्यूबवरच्या आवृत्तीत तुम्ही नवख्या जोडीदारणीला शाबासकी देत, रागावत तयार करता. तिथं ती खेळाडू आहे. म्हणून ‘बाईनं अंग झाकावं’ म्हणणाऱ्या संस्कृतिरक्षकांच्या रांगेत मला कुणी बसवू नये. बाईला झाकणारा आणि तिला मांडून विकणारा, दोघंही तिला विचारत नाहीत.

माझी भाची शाळेच्या संघात खेळते. तिची कोपरं सदा सोललेली असतात. तिनं हा गेम पाहिला आणि विचारलं, ‘मामा, यातली एकही पडत कशी नाही?’ मुलीनं नेमकं बोट ठेवलं. व्हॉलीबॉल कळतो तो मातीत पडून, आणि त्या गेममधून नेमकी माती काढून टाकली आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण आज कोडिंग शिकताहेत. नोकरीसाठी शिका, जरूर शिका. पण गेम बनवायचंही शिका. कॅमेरा ज्याच्या हातात, तोच ठरवतो की पडद्यावर स्मॅश दिसणार की कंबर. त्या खुर्चीत आपल्या पोरी बसल्या पाहिजेत. गिरणीतून सुटून मध्यरात्रीपर्यंत लोळण घेणाऱ्या त्या जणींवरचा गेम मला खेळायचा आहे. तो कुणीतरी बनवा.