आडोसा

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक दाखवायची बाजू असते आणि एक लपवायची. फ्रिजचे दार आपण पाहुण्यांकडे करतो आणि पाठीवरची काळी जाळी भिंतीकडे. गणपतीपुढच्या दिव्यांची माळ चारचौघांना दिसावी अशी लावतो आणि तिची वायर मखराच्या मागून नेतो. एसीने मात्र आम्हा मध्यमवर्गीयांची पंचाईत करून ठेवली आहे. त्याचा गोरागोमटा, नाजूक भाग घरात भिंतीवर विराजमान होतो; आणि घरघरणारे, गरम फुत्कार टाकणारे धूड बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

बेळगावात एसी म्हटल्यावर आमच्या गावाला 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणणारी जुनी माणसे हसतील. आमच्या घरातही पंख्यावर भागत असे. पण तेव्हा घर कौलारू होते. २००९ साली बाबांनी मंगळुरी कौले उतरवून स्लॅब घातला. कौलांच्या फटींतून घर श्वास घेत असे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आमच्या अंगावर सोडतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आजी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या खोलीतल्या खाटेवर ती पडून राहिली. एप्रिल लागताच तिच्या पाठीवर घामोळे उठले. पाठ अशी ओली राहिली तर जखमा होतील, असे डॉक्टरांनी बजावले. बंगळूरला नोकरी करणाऱ्या दादाने फोनवर सारे ऐकून घेतले, आणि चौथ्या दिवशी एक टनाचा एसी दारात हजर झाला!

बसवणाऱ्या माणसाने बाहेरचे धूड अंगणात, पुढच्या भिंतीला लागून, तुळशीच्या उजव्या अंगाला बसवले. आजीची पाठ आठवड्याभरात सुकली, पण बाबांचे डोके तापले. "तुळशीला पाणी घालायला गेलं की अंगावर फुसकारतंय बघ. दारात हे काय भूत उभं केलंय?" असे ते रोज सकाळी म्हणत. परीक्षा संपून मी मोकळाच होतो. म्हटले, या भुताला आपण आडोसा करू.

जिन्याखाली जुन्या छपराच्या सागवानी रिपा रचून ठेवलेल्या होत्या. त्या विकायला बाबांचे मन कधी झाले नव्हते. गल्लीतल्या सुतारमामांकडून करवत, रंधा आणि गुण्या उसना आणला आणि मी कामाला लागलो.

पहिला आडोसा मी अगदी कसून केला. रिपेला रीप भिडवली, तीन बाजू बंद केल्या, वर झाकण ठोकले. बाहेरून पाहणाऱ्याला कपाटच वाटावे! दुपारी एक वाजता एसी लावला. अर्ध्या तासाने खोली गार व्हायची ती कोमट होऊ लागली आणि पाऊण तासाने यंत्राने मानच टाकली. मेकॅनिक आला. त्याने माझे कपाट पाहिले, हसला, आणि काही न बोलता माझ्या नाकातोंडावर हात धरून म्हणाला, "घे आता श्वास!"

मग त्याने समजावून सांगितले. हे यंत्र थंडी तयार करीत नाही; खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. बाहेरचे धूड पाठीमागून आणि बाजूने हवा ओढते, आतल्या जाळीवरून ती फिरवते आणि तापलेली हवा पंख्याने पुढे फेकते. पाठीमागे निदान वीतभर जागा हवी आणि पुढचे तीनएक फूट मोकळे हवेत. नाही तर ते आपणच टाकलेला गरम उच्छ्वास पुन्हा आत ओढते आणि गुदमरते. हे सर्व मी मान खाली घालून ऐकले. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात मला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते, हे त्या सद्गृहस्थाला मी सांगितले नाही.

त्या रात्री वही काढून हिशेब मांडला. एसीचा 'टन' म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ, तोही आपला हजार किलोंचा नव्हे तर अमेरिकन म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा, चोवीस तासांत वितळायला ज्या वेगाने उष्णता लागते, तो हा माप. तो साडेतीन किलोवॅट भरतो. त्यात यंत्र स्वतः खाते ती सुमारे एक किलोवॅट वीज मिळवायची. म्हणजे आजीच्या खोलीतून साडेतीनच निघाले, तरी अंगणात साडेचार येऊन पडतात. एकेक किलोवॅटच्या साडेचार शेगड्या पेटवून दारात मांडाव्यात, तसे हे झाले. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनियराने असले पहिले यंत्र योजले ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. तेथे दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. कागदासाठी निघालेली युक्ती आज आमच्या आजीच्या पाठीला आली होती. पण त्या साडेचार शेगड्यांचे काय करायचे, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता.

दुसरा आडोसा मी शहाणपणाने केला. यंत्रापासून हातभर दूर चौकट उभी केली. पाठीची बाजू मोकळी ठेवली. दोन रिपांमध्ये दोन बोटे फट ठेवून त्या उभ्या बसवल्या आणि तिरप्या वळवल्या. म्हणजे समोरून यंत्र दिसू नये आणि हवेला मात्र वाट मिळावी. तिरप्या कोणत्या बाजूला? डावीकडे आमचे दार, तुळस आणि आजीची खिडकी. तेव्हा अर्थात उजवीकडे. रिपांना तेल दिल्यावर जुने सागवान असे काही उजळले की सुतारमामासुद्धा "बरं केलंस की रे!" म्हणाले. दादाला छायाचित्र पाठवले. बाबा निःशंकपणे तुळशीला पाणी घालू लागले. पुढचे आठ दिवस मी माझा आडोसा कधी फाटकातून, कधी रस्त्यावरून, तर कधी गच्चीवरून पाहत होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी आजीने विचारले, "अक्का गावाला गेल्यात काय रे?"

अंगणाच्या उजव्या बाजूला बुटकी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे लगेच अक्कांचे स्वयंपाकघर. त्या कानडी. वयाने आजीपेक्षा लहान. पण सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून आजीही म्हणते. जेवणे उरकली की त्यांच्या खिडकीतून हाक यायची, "ऊट आतेन री?" आणि आमच्या खिडकीतून आजी उत्तर द्यायची, "झालं की! तुमचं?" मग तासभर अक्का कानडीत आणि आजी मराठीत बोलत बसायच्या. चाळीस वर्षे हे असेच चालले आहे. दुकानांवरच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर आमच्या गावात पुष्कळ वाद झाले. या दोघींचे त्यामुळे एक वाक्यही अडले नाही. एसी आल्यापासून दुपारी आमची खिडकी बंद असे म्हणून गप्पांची वेळ संध्याकाळवर गेली होती. पण आता आमची खिडकी उघडली, तरी समोरची बंदच असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एसी चालू असताना, मी त्या बुटक्या भिंतीपाशी गेलो आणि अक्कांच्या खिडकीच्या गजाला हात लावला. तव्याजवळ हात न्यावा तशी झळ लागली. माझ्या तिरप्या रिपा आपले काम चोख करीत होत्या.

मी त्यांच्या घरात गेलो. खिडकी बंद, गॅस पेटलेला आणि अक्का घामाने निथळत जोंधळ्याची भाकरी थापत होत्या. कानडीत उकाड्याला 'सेके' म्हणतात. तो शब्द ऐकला की मला आपले 'शेकणे' आठवते. त्या दिवशी मला तो शब्द अंगाने कळला. मी विचारले, "अक्का, खिडकी का लावली? आणि बोलला का नाहीत?" त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "इर्ली बिडो, तम्मा." असू दे रे, बाळ. मग त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "आजीचं पाठ बरं व्हायला पाहिजे. मला काय, चार दिवस."

मला बोलायला शब्द सुचेना. फटी मी बोटांनी मोजल्या होत्या, कोपरे गुण्याने तपासले होते, उष्णतेचा हिशेबही वहीत मांडला होता. पण 'उजवीकडे' म्हणताना उजवीकडे कोण आहे, एवढे मान वळवून पाहिले नव्हते. डावीकडे तुळस आहे हे मला आठवले होते.

त्याच संध्याकाळी मी रिपा डावीकडे फिरवल्या. तीन दिवसांत तुळशीची पाने करपली आणि दारात उभे राहवेना. चौथ्या दिवशी बाबाच म्हणाले, "वर घाला एकदाचं ते." मेकॅनिकला पुन्हा बोलावले. तांब्याची नळी वाढवावी लागली, गॅस भरावा लागला. शिकवण्यांतून साठवलेले माझे पैसे त्यात गेले. उरलेले बाबांनी घातले. "तुझं सुतारकाम फार महागात पडायलंय बघ," असे म्हणत घातले, पण घातले. आता ते धूड गच्चीवर मोकळ्या वाऱ्यात आहे. उन्हासाठी त्याच्या बऱ्याच वर एक तट्ट्या बांधला आहे. तेथे ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे आडोसा लागतच नाही. त्याची उष्णता काही नाहीशी झालेली नाही; ती गावाच्या हवेत जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एसी बारा ते चार एवढाच लावायचा आणि पंखा बरोबर ठेवून लावायचा, असा नियम आम्ही केला.

अंगणात नुसता आडोसा उरला. रिपा सोडवून पुन्हा जिन्याखाली रचाव्यात म्हणून मी हातात पाना घेतला, तोच समोरच्या उघड्या खिडकीतून अक्कांनी हाक मारली. त्यांना दोडक्याच्या वेलासाठी मांडव हवा होता. आम्ही दोघांनी मिळून ती चौकट बुटक्या भिंतीला टेकवून उभी केली. मृगात त्यांनी बी टोकले. श्रावणात वेल चौकटीवरून आमच्या बाजूला उतरला.

गणपतीच्या सुमारास आजी वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती तेथे खुर्चीवर टेकते न टेकते तोच पलीकडून आवाज आला, "ऊट आतेन री?"

"झालं की!" आजी म्हणाली. "भाजी तुमच्याच दोडक्याची होती."